दरपत्रक

तीस फुटांची कमान, दोन खांब,
आणि मधोमध निळ्या-पांढऱ्या फुग्यांचा मासा.
"मोठा हवा. चौकापलीकडून दिसला पाहिजे,"
ब्लँकसनसाहेबांनी दोन्ही हात पसरून सांगितलं
आणि हात तसेच ठेवून विचारलं, "किती?"

मी म्हटलं, उद्या सांगते.

रात्री वही घेऊन बसले. ताकोराडीची वीज गेलेली,
शेजारच्या जनरेटरची घरघर भिंतीतून आत येत होती.
मोबाइलच्या उजेडात मांडत गेले:
फुगे बाराशे. फुटतील म्हणून वर दीडशे,
कारण हरमॅटन सुरू आहे,
वाळवंटावरून येणारं हे वारं
माणसाचे ओठ फाडतं, रबराला काय सोडणार.
तंगूस, सेकोंदीच्या धक्क्यावरची, स्वस्त.
प्लॅस्टिकचे पाइप चर्चच्या कामातून उरलेले,
त्यांचे पैसे लावू की नको?
लावले. खोडले. पुन्हा लावले.
पंप. पंपाला वीज. वीज नसेल तर पेट्रोल.
फीफी आणि एकुआचं जेवण, केंके आणि तळलेला मासा,
शिवाय रात्री दोनचा चहा,
जेव्हा कुणीच कुणाशी बोलत नाही.

इथवर सगळ्याला भाव आहे.

एका गाठीला मला तीन सेकंद लागतात.
बाराशे गाठी, तीन सेकंद:
कागदावर बरोबर एक तास.
कागदाला बोटं नसतात.
चारशेव्या गाठीला तर्जनीची साल निघते,
आठशेव्याला अंगठा कुणा दुसऱ्याचाच वाटतो.
हे कुठल्या ओळीत लिहायचं,
आणि समोर किती सेडी?

पहिल्या वर्षी एका औषधाच्या दुकानाचं काम घेतलं.
मालकीणबाई आमच्याच गायनवृंदातल्या.
मी लाजत लाजत आकडा सांगितला,
आणि त्यांनी घासाघीस केलीच नाही.
तिथेच कळायला हवं होतं.
कळलं घरी येताना,
खिशात हात घालून, पायी.

सकाळी गेले. आकडा एका दमात सांगून टाकला.
ब्लँकसनसाहेब म्हणाले, "अराबा, आकडा फुगवलायस."
"साहेब, फुगवायचाच धंदा आहे माझा."
पोरं हसली. ते हसले नाहीत.
"कर थोडं कमी. शेवटी आहे काय त्यात? हवा."

मागे त्यांचे आठ नवे फ्रीझर,
अजून रिकामे, नुसते घुमत होते.
"तुम्ही काय विकणार, साहेब?"
"मासे. कोंबडी."
"मासे तर बंदरावर मिळतात, फडफडते.
तुमच्याकडे लोक येणार ते गारव्यासाठी.
तो तरी कुठे दिसतो?
आणि वीज गेली की कुठे जातो?"

बोलून गेले आणि वाटलं, गेलं काम.

पंख्याचा एक फेरा. आणखी एक.
"मासा मात्र मोठा हवा," ते म्हणाले.
अर्धे पैसे आगाऊ, दोनदा मोजून.
उरलेल्यातले काही रोख, काही बांगड्याचं खोकं,
गोठलेलं, वीस किलोचं.
खोक्याचा भाव त्यांनी जरा फुगवून सांगितला.
मी म्हटलं, करा थोडा कमी.

शनिवारी पहाटे साडेचारला मासा पुरा झाला.
शेपटी डावीकडे किंचित बसकी,
ते फक्त मला आणि एकुआला माहीत.
आठला पाद्री आले, साडेआठला स्पीकर,
चौकापलीकडे एक टॅक्सीवाला मान बाहेर काढून थांबला,
मागच्यांनी हॉर्न वाजवले.

साडेनऊला, प्रार्थनेच्या ऐन मध्यात,
पहिला फुटला.
सगळे दचकले, मग एकमेकांकडे बघून हसले.
मी डोळे मिटूनच होते.
आमेनच्या आधी मनात म्हटलं:
एक.
दीडशेपैकी.